करदाते आपणही आहोत



काही दिवसांपूर्वी न्यायालयाच्या बाररूममध्ये शिष्यवृत्तीचा विषय निघाला असता एक व्यवसायबंधू सहज म्हणाले, "कर आम्ही भरायचा आणि शिष्यवृत्त्या तुमच्या मुलांनी घ्यायच्या!" त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता; ते त्यांना खरोखरच सत्य वाटत होते. याहून वाईट हे की, आपल्यापैकीही पुष्कळांना ते सत्य वाटते. दवाखान्यात औषध नाही, शाळेत शिक्षक नाही, वसतिगृहात जागा नाही, असे ऐकले की आपला मनुष्य फुकटाचे मागावयास आल्याप्रमाणे खालमानेने परत फिरतो. ही मान वर व्हावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आयकर न भरणारा तो करच न भरणारा, हे समीकरण मुळातच खोटे आहे. १ जुलै २०१७ पासून देशात वस्तू व सेवा कर लागू झाला. आपण अंगाला लावतो तो साबण, स्वयंपाकाचे तेल, पिशवीबंद पीठ, पायांतली चप्पल, घरातली भांडी, या सर्वांवर तो आहे. २२ सप्टेंबर २०२५ रोजी यांपैकी कित्येक वस्तूंवरील दर कमी होऊन ५ टक्क्यांवर आले, हे चांगलेच झाले. परंतु त्यापूर्वी आठ वर्षे साबणावर आणि दंतमंजनाच्या पेस्टवर १८ टक्क्यांपर्यंत कर आपण निमूटपणे दिलेला आहे. दुकानदार गिऱ्हाइकाचे उत्पन्न विचारीत नाही. सफाई कामगाराच्या आणि गिरणीमालकाच्या साबणावरील कर एकच. फरक एवढाच की, कामगाराची जवळजवळ सर्व मिळकत बाजारात जाते आणि तिच्यावर कर बसतो. मालकाच्या मिळकतीचा मोठा हिस्सा शिल्लक राहतो आणि वाढत जातो.

हा प्रश्न बाबासाहेबांना अपरिचित नव्हता. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला, आणि १९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी नेमके याच अन्यायावर बोट ठेवले: आयकर ठराविक उत्पन्नाच्या वर गेल्यावरच लागतो, जमीन महसूल मात्र तुटपुंज्या तुकड्याच्या धन्यालाही चुकत नाही. शंभर वर्षे होत आली. वस्तू बदलली, न्याय तोच राहिला.

आता दुसरी बाजू पाहा. स्वतंत्र भारताने संपत्तीवर कर बसविण्याचा प्रयत्न केला नाही, असे नाही. १९५३ साली इस्टेट ड्यूटी, म्हणजे मृत्यूनंतर मागे राहिलेल्या संपत्तीवरील कर, आला. अर्थशास्त्रज्ञ निकोलस कॅल्डॉर यांच्या १९५६ च्या अहवालानंतर १९५७ साली संपत्ती कर आणि १९५८ साली बक्षीस कर आला. यांतील एकही आज उरलेला नाही. इस्टेट ड्यूटी १९८५ साली गेली, बक्षीस कर १९९८ साली, संपत्ती कर २०१५ साली. इस्टेट ड्यूटी रद्द करताना कारण दिले गेले की, वसुली जेमतेम २० कोटी रुपये आणि खर्च मात्र फार. वकील म्हणून आम्हांस हे कारण विचित्र वाटते. कुंपणाला भोके पडली तर ती बुजवावयाची असतात. कुंपणच उपटून टाकावयाचे नसते. ब्रिटनमध्ये वारशावर आजही ४० टक्के कर आहे, जपानमध्ये तो ५५ टक्क्यांपर्यंत जातो. आपल्याकडे मात्र शेकडो कोटींची मालमत्ता पित्याकडून पुत्राकडे एक पैसाही वारसा कर न देता जाते. उलट २०१९ साली कंपन्यांवरील कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्के करण्यात आला. सवलती सोडण्याची अट त्यास होती, तरीही त्यापायी वर्षाला सुमारे १,४५,००० कोटींचा महसूल सोडावा लागेल असा सरकारचाच अंदाज होता.

हे सांगताच आमचे व्यवसायबंधू दचकले. "म्हणजे माझे राहते घरही गेले!" नाही. करमुक्त मर्यादा पुरेशी उंच ठेवली तर वकिलाचे घर, शिक्षकाचा भविष्यनिर्वाह निधी आणि शेतकऱ्याची जमीन त्यात येण्याचे कारण नाही.

कर योग्य ठिकाणी लावला आणि योग्य ठिकाणी खर्चिला तर काय होते, याचा दाखला महाराष्ट्रानेच दिलेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेसाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातील नोकरदाराच्या पगारातून कपात व्हावयाची, राज्याने तेवढीच भर घालावयाची, आणि त्यातून खेड्यातील मजुराला काम मिळावयाचे. आपल्या समाजातील कित्येक वयस्क माणसांनी त्या बांधबंदिस्तीवर आणि रस्त्यांवर खडी फोडली आहे. दान म्हणून नव्हे, तर कायद्याने दिलेला हक्क म्हणून त्यांना ते काम मिळाले.

परंतु या कराचेही एक व्यंग आहे. घटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने त्याची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये ठेवली आहे आणि १९८८ पासून ती हललेली नाही. परिणामी दरमहा ४० हजार मिळविणारा कारकून वर्षाला २,५०० रुपये देतो आणि दरमहा ४० लाख मिळविणारा कंपनीचा संचालकही तेवढेच देतो! ही मर्यादा उठवावयाची तर घटनादुरुस्ती संसदेनेच केली पाहिजे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आयकरावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर घेतला जातो. नाव ऐकून वाटते की, तो आपल्या गावच्या शाळेला मिळत असेल. पण घटनेच्या २७० व्या अनुच्छेदाप्रमाणे उपकर आणि अधिभार राज्यांशी वाटून घ्यावे लागत नाहीत. शाळा व दवाखान्यांचा भार मात्र मुख्यतः राज्यांवर. कोठारी आयोगाने १९६६ साली शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च सुचविला होता. ती मजल अद्याप गाठलेली नाही.

तेव्हा निवडणुकीत कोणी दारी आला तर स्मारकाच्या आणि कमानीच्या आश्वासनावर त्यास परत पाठवू नका. मोठ्या वारशावरील कराबाबत तुमचे मत काय, २७६ व्या अनुच्छेदाची मर्यादा उठविणार काय, उपकरांत राज्यांना वाटा मागणार काय, हे तीन प्रश्न त्यास विचारा. आणि त्याने "तुम्ही कुठे कर भरता?" असे म्हटलेच, तर कोपऱ्यावरच्या दुकानातील छापील पावती त्याच्या हाती द्या, तिच्यावर केंद्राचा आणि राज्याचा कर वेगवेगळा लिहिलेला असतो.