उन्हाळी गणित आणि वसतिगृहाचे दार

दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि अकरावीचा वर्ग भरेपर्यंत जून-जुलै उजाडतो. या मधल्या काळात शहरातील खासगी शिकवण्यांमध्ये ‘व्हेकेशन बॅच’ चालते. अकरावी विज्ञानाच्या गणिताची दोन्ही पुस्तके, म्हणजे अठरा प्रकरणे, दीड-दोन महिन्यांत संपवून देण्याची हमी तेथे मिळते. “सर, पोराला घालू का?” हा प्रश्न आता कुंभारीतील पालकही विचारू लागले आहेत. मी इतिहासाचा शिक्षक. गणितावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी म्हणेल. परंतु या प्रश्नात वेळेचा आणि जागेचा भाग मोठा आहे आणि तो इतिहासाच्या अभ्यासकाला चांगलाच ओळखीचा आहे.

प्रश्न टाळण्यासारखा नाही. अभियांत्रिकीच्या राज्य सीईटीत २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे असतात. ५० प्रश्न, ९० मिनिटे. आणि त्यांतले सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावरचे. अकरावीच्या दुसऱ्या पुस्तकात सीमा आणि विकलन येते. ते कच्चे राहिले की बारावीच्या गणिताचा मोठा भाग परका होऊन बसतो. तेव्हा सुटीत गणित करू नये, असे मी म्हणणार नाही. ते कोणते करावे आणि कोठे बसून करावे, यावर मात्र माझे मत स्पष्ट आहे.

रोज चार तास, आठवड्याचे सहा दिवस, सात आठवडे असे धरले तर १६८ तास होतात. कागदावर हिशेब जुळतो. पण गणित वर्गात ऐकून येत नाही. ते अडून बसण्याने येते. आज न सुटलेले उदाहरण रात्री मनात घोळवावे, उद्या पुन्हा हाती घ्यावे, परवा ते सुटावे, अशी त्याची रीत आहे. वेगाच्या वर्गात सोमवारी त्रिकोणमिती आणि गुरुवारी निश्चयक आले की अडून बसायला दिवसच उरत नाही. ज्या घरात थोरला भाऊ किंवा वडील हे सारे शिकून गेलेले आहेत, तेथे ही उणीव संध्याकाळी भरून निघते. आपल्या मुलांच्या घरी ती कोण भरून काढणार?

त्यात भाषेची अडचण. दहावीला मराठीतून गणित केलेला विद्यार्थी क्रेमरच्या पद्धतीने दोन चलांची समीकरणे लीलया सोडवतो. अकरावीत शिक्षक ‘डिटरमिनंट’ म्हणतात आणि तोच विद्यार्थी मान खाली घालतो. वास्तविक त्याला येत असलेल्या निश्चयकाचेच ते नाव. दोन ओळींच्या जागी तीन ओळी आल्या, एवढाच फरक. श्रेढी, संभाव्यता, निर्देशक भूमिती, सगळ्यांची तीच गत. कुंभारीत तर कित्येक मुलांची घरची भाषा तेलुगू किंवा कन्नड, शाळेची मराठी आणि आता तिसरी इंग्रजी. ‘याला गणित येत नाही’ असा शिक्का ज्यांच्यावर बसतो, त्यांतील अनेकांची अडचण शब्दांची असते.

आणि घर म्हणजे तरी काय? २००६ साली येथे विडी कामगारांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. जवळच रे नगर वसले. हक्काचे छप्पर मिळाले, ही लहान गोष्ट नव्हे. पण सोलापूरच्या मे महिन्यात, बेचाळीस अंशांच्या उन्हात, चार-पाच माणसांच्या त्या घरात दुपारी वही उघडायला कोपरा नसतो. मुलगी सुटीत घरी आली की पाने कातरायला, विड्या वळायला आईला एक हात मिळतो. यात आईला दोष देण्याचे कारण नाही. मजुरी विड्यांच्या संख्येवर मिळते.

२०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बारावीला गणित नसलेल्यांनाही अभियांत्रिकीचे दार किलकिले करण्याचे ठरवले आणि उणीव सेतू अभ्यासक्रमाने भरून काढावी, असे सुचवले. हेतू उदार असेल. मला त्यात धोका दिसतो. शाळेने दोन वर्षांत जे द्यायचे, ते काही आठवड्यांत देता येते असे एकदा मान्य झाले की शाळेला कोणी जाब विचारत नाही.

बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत वसतिगृह काढले ते आपल्याच सोलापुरात. सभा स्थापन होऊन तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. हायस्कुलात जाणाऱ्या अस्पृश्य मुलांना आधी निवारा, जेवण आणि बसायला जागा हवी, हे सभेने ओळखले होते. शंभर वर्षांनंतर आपले वसतिगृह मात्र ऐन गरजेच्या दोन महिन्यांत कुलूपबंद असते. भिक्खुसंघ वर्षावासाचे तीन महिने एका जागी राहून अध्ययन करतो. आपल्या मुलांना सहा आठवड्यांचा ग्रीष्मवास का मिळू नये?

माझी विश्वस्तांना सूचना अशी. एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत, विज्ञान शाखेकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडे ठेवावे. अठरा प्रकरणांच्या मागे लागू नये. पहिले दोन आठवडे दहावीचेच बीजगणित आणि भूमिती इंग्रजी शब्दांसह पुन्हा करावी. नंतर कोनमापन, त्रिकोणमिती, निश्चयक आणि सरळ रेषा एवढी चारच प्रकरणे घ्यावीत. सकाळी सात ते दहा शिकवणे, दुपारी झोप, संध्याकाळी स्वतः सोडवणे. शिकवायला आपलेच माजी विद्यार्थी आहेत. अभियांत्रिकीच्या परीक्षा आटोपून जे मोकळे होतील, त्यांना मानधन द्यावे. जागा कमी पडल्यास मुलींना आधी घ्यावे, आणि त्यांच्या आयांशी मार्चमध्येच घरी जाऊन बोलावे. निकालानंतर फार उशीर होतो. मे महिन्यात पाण्याचा टँकर लागेल, तो खर्च अंदाजपत्रकात आताच धरावा.