पाना की लॅपटॉप?

आजचा विषय गाड्यांचा. घर ते ऑफिस आणि ऑफिस ते घर, यापलीकडे गाडीशी ज्यांचं काही देणंघेणं नाही, त्यांनीही वाचायला हरकत नाही. शेवटी गाडी कमी आणि आपणच जास्त आहोत यात.

१५ ऑगस्ट २०२५ ला महिंद्राने मुंबईत चार कॉन्सेप्ट गाड्या दाखवल्या. चारही 'एनयू आयक्यू' नावाच्या नव्या प्लॅटफॉर्मवरच्या, आणि त्यावरच्या गाड्या २०२७ पासून रस्त्यावर येणार असं कंपनीने तेव्हा सांगितलं. चारांपैकी एकीचं नाव व्हिजन टी. चौकोनी अंग, ताठ नाक, रुंद चाकं. 'हीच पुढची थार' असं कंपनी म्हणाली नाही. पण टी कशातला टी हे काय कुणी समजावून सांगायला हवं? झालं! अफवेला एवढं पुरतं. त्यातून हा प्लॅटफॉर्म मोनोकॉक आहे म्हटल्यावर आमच्या जीपवेड्या मित्रमंडळींत सुतक पडलं. "थार संपली", "आता ती मॉलच्या पार्किंगमध्ये मिरवायची गाडी", "लॅडर फ्रेम नाही तर जीप कसली?" वगैरे वगैरे.

ज्यांना हे शब्द नवीन आहेत त्यांच्यासाठी दोन ओळी. लॅडर फ्रेम म्हणजे खरोखरच शिडी. दोन लांब पोलादी तुळया आणि मध्ये आडवे दांडे. इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल सगळं या शिडीला टांगलेलं, आणि वरची बॉडी रबरी बुशांवर बोल्टने आवळलेली. ट्रक असाच असतो. मोनोकॉकमध्ये वेगळी शिडी नसते, बॉडी हाच सांगाडा. खेकड्याचं कसं, कवच हीच हाडं, तसं. आपल्या बहुतेक सगळ्या शहरी गाड्या अशाच असतात. वजनाला हलक्या, रस्त्यावर स्थिर.

शिडीवाल्यांचं म्हणणं चुकीचं नाही. एक चाक खड्ड्यात आणि दुसरं दगडावर असलं की गाडीला पीळ बसतो, तो शिडी सोसते. खालून दगड लागला तर तो आधी तिला लागतो. शिडी वाकली तर सरळ करता येते, फारच झालं तर बॉडी उचलून नवी घालता येते. शिवाय उंची वाढवा, मोठी चाकं घाला, पुढे विंच बसवा, असले उद्योग तिच्यावर सोपे. हे सगळं मान्य.

पण एक सांगू? हे रडगाणं मी पहिल्यांदा ऐकत नाहीये.

२०१० मध्ये पहिली थार आली तेव्हा जुन्या एमएम ५४० वाल्यांनी नाकं मुरडली होती. का? तर पुढचे कमान पाटे काढून तिथे इंडिपेंडंट सस्पेंशन घातलं म्हणून. जीप आणि कमान पाट्यांशिवाय? छे! पुढच्या दहा वर्षांत तीच थार 'अस्सल' ठरली. २०१९ मध्ये तिच्या शेवटच्या ७०० गाड्या 'थार ७००' म्हणून काढल्या, तेव्हा डोळे पुसणाऱ्यांत २०१० ला नाकं मुरडणारेही होते. मग १५ ऑगस्ट २०२० ला नवी थार दाखवली. या वेळी तक्रारी काय? रँग्लरची नक्कल आहे, टचस्क्रीन कशाला, ऑटोमॅटिक कशाला, मागची समोरासमोरची बाकडी कुठे गेली? त्या बाकड्यांवर बसून आपण सगळ्यांनीच गुडघे आपटून घेतले आहेत, म्हणून आठवण गोड आहे. पण जुन्या थारला एकही एअरबॅग नव्हती आणि नव्या थारला त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ग्लोबल एनकॅपचे चार तारे मिळाले, हे बाकड्यांच्या आठवणीत कुणाला आठवत नाही. २०२४ मध्ये पाच दरवाज्यांची रॉक्स आली, तर "थारला मागे दरवाजे?" बुकिंग उघडल्यावर पहिल्या तासात पावणेदोन लाखांवर नोंदणी झाली. असो.

हा फक्त आपला रोग नाही बरं का. अमेरिकेत १९८७ च्या जीप रँग्लरला चौकोनी हेडलाइट दिले तेव्हा 'खऱ्या जीपचे दिवे गोल असतात' अशा अर्थाचे स्टिकर लोकांनी बंपरवर चिकटवले होते. १९९७ च्या मॉडेलला कंपनीने गोल दिवे परत दिले. गंमत म्हणजे त्याच मॉडेलमध्ये कमान पाटे जाऊन कॉइल स्प्रिंग आले. म्हणजे खरा बदल खाली झाला होता, आणि स्टिकर दिव्यांवर निघाले होते.

सगळ्यात मोठं महाभारत झालं ते लँड रोव्हर डिफेंडरवरून. ही कंपनी २००८ पासून आपल्या टाटांची, त्यामुळे आपणही त्यात थोडे घरचेच. १९४८ च्या लँड रोव्हरपासून चालत आलेली ही गाडी. २०११ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात डीसी१०० नावाची कॉन्सेप्ट दाखवली आणि जुने चाहते अक्षरशः खवळले. जानेवारी २०१६ मध्ये सोलिहलच्या कारखान्यातून शेवटची जुनी डिफेंडर बाहेर पडली. २०१९ मध्ये नवी आली ती मोनोकॉक, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेंशन. म्हणजे आज थारबद्दल जी भीती आहे, नेमकी तीच तिथे खरी झाली. मग काय झालं? जुनी गाडी ५०० मिलिमीटर पाण्यातून जायची, नवी ९०० मधून जाते. जगभरात २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात तिच्या एक लाखाहून जास्त गाड्या विकल्या गेल्या.

चाहत्यांपैकी एक जण मात्र नुसता बोलून थांबला नाही. जिम रॅटक्लिफ हा ब्रिटिश उद्योगपती. त्याने जुन्या डिफेंडरच्या वळणाची, शिडीवरची, पुढे-मागे सलग अ‍ॅक्सलची ग्रेनेडियर नावाची गाडीच काढली. जुन्या डिफेंडरच्या आकारावर ट्रेडमार्क मागायला जग्वार लँड रोव्हर कोर्टात गेली आणि २०२० मध्ये हरली. हौसेला मोल नाही म्हणतात ते हे! पण या ग्रेनेडियरचं बॉनेट उघडा. आत बीएमडब्ल्यूचं इंजिन आहे. म्हणजे शिडी जुनी, पण मेंदू कॉम्प्युटरचाच.

आणि इथेच माझा मुद्दा आहे.

आम्ही सॉफ्टवेअरवाले एक गोष्ट रोज शिकतो. युजर मागतो ती बहुतेक वेळा त्याची गरज नसते, गरज भागवायची त्याला ठाऊक असलेली एक पद्धत असते. "मला इथे ड्रॉपडाउन हवा" म्हणतो तेव्हा त्याला ड्रॉपडाउन नको असतो, यादीतून पटकन निवडता यायला हवं असतं. लॅडर फ्रेम हा तसाच ड्रॉपडाउन आहे. खरी गरज काय? चढावर मुंगीच्या चालीने जाता यावं, म्हणजे लो रेंज. एक चाक हवेत गेलं तरी बाकीच्यांना ताकद मिळावी, म्हणजे डिफरन्शियल लॉक किंवा तसंच काहीतरी. चाकांना खालीवर व्हायला भरपूर जागा. आणि बिघाड झाला तर जिथे आहोत तिथे दुरुस्ती. पहिल्या तीन गोष्टी मोनोकॉकमध्ये देता येतात, डिफेंडरने दाखवलंय. आणि शिडी असूनही काढून घेता येतात. जानेवारी २०२३ मध्ये फक्त मागच्या चाकांवर चालणारी स्वस्त थार आली. शिडी तीच, चेहरा तोच, पण फोर बाय फोर नाही आणि लो रेंजही नाही. तिच्याबद्दल कुणी सुतक पाळल्याचं मला तरी आठवत नाही.

राहिली चौथी गोष्ट, दुरुस्ती. ती शिडीवर अवलंबून नाही आणि मोनोकॉकवरही नाही. ती आमच्या धंद्यावर अवलंबून आहे.

मागच्या पावसाळ्यात भोरच्या पुढे आमच्या ग्रुपमधली एक गाडी अडकली. कुठल्या कंपनीची ते जाऊ दे. गाडी दणकट, शिडीवरची, सगळं कसं अस्सल. चिखलातून जाताना एका चाकाच्या सेन्सरची वायर तुटली. दोन बोटांएवढी वायर. डॅशबोर्डवर चार दिवे लागले, ट्रॅक्शन कंट्रोल गेला आणि फोर बाय फोर लागेना. इंजिन ठणठणीत, गिअरबॉक्स ठणठणीत, गाडी मात्र जागची हलायला तयार नाही. शेवटी एका ट्रॅक्टरने ओढून गावात आणली. तिथल्या मेकॅनिककाकांनी वाकून पाहिलं, वायर शोधली, जोडलीसुद्धा. दिवे काही जाईनात. काका हात पुसत म्हणाले, "वायर जोडली सायेब, पन हिला आता ल्यापटाप लागतो." लॅपटॉप पुण्यात, सर्व्हिस सेंटरमध्ये. तिसऱ्या दिवशी टोइंगच्या गाडीवर बसून ती पुण्याला गेली. एरर कोड पुसायला दहा मिनिटं लागली असतील.

हे काका कोण, तर ज्यांनी आयुष्यभर वडापच्या जीपा चालत्या ठेवल्या ते. पश्चिम महाराष्ट्रात वाढलेल्यांना वडाप सांगायला नको. पुढे चार, मध्ये पाच, मागे मोजायचे नाहीत आणि दोघं लटकलेले. त्या कमांडर आणि मार्शल लाखो किलोमीटर चालल्या, त्या नुसत्या शिडीमुळे नाही. कोणत्याही बाजारगावात पान्यांचा एक डबा, वेल्डिंगचं एक मशीन आणि डोकं असलेला एक माणूस त्यांना पुरत होता. जीपचा दणकटपणा म्हणतात त्यातला अर्धा त्या माणसाच्या हातात होता. तो माणूस आजही तिथेच आहे. आपण त्याला फक्त पासवर्ड दिलेला नाही.

बरं, ही काही माझ्या मनातली कुरकुर नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांवर दंड ठोठावला होता. कारण? सुटे भाग, तपासणीची साधनं आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मोकळेपणाने मिळू देत नाहीत. त्या यादीत महिंद्राही होती, टाटाही होते, मारुतीही होती. प्रकरण पुढे अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. म्हणजे प्रश्न सरकारदरबारी माहीत आहे. फक्त आम्ही जीपवेडे लोक तो विचारत नाही. आम्ही शिडी मोजत बसलोय.

कंपन्यांचं उत्तर ठरलेलं असतं. सुरक्षितता, वॉरंटी, अर्धवट शिकलेल्याने हात घातला तर ब्रेक निकामी होतील. यात तथ्य अजिबात नाही असं नाही. ब्रेकच्या कोडमध्ये कुणी मनाला येईल तसं काही बदलू नये हे मलाही पटतं. पण कोड बदलणं वेगळं आणि एरर वाचून, वायर जोडून ती पुसणं वेगळं. आम्ही सर्व्हरवर रीड अ‍ॅक्सेस आणि राइट अ‍ॅक्सेस वेगळे ठेवतोच ना? गाडीत का नाही?

आणि हो, मला इलेक्ट्रॉनिक्स नको आहे असं समजू नका. एअरबॅग, ईएसपी यांनी माणसं वाचतात. घाटात पावसात माझी आई मागे बसलेली असते तेव्हा मला जुनी थार नको, नवीच हवी.

म्हणून पुढची थार मोनोकॉक असो नाहीतर शिडीवरची, माझी मागणी छोटीशी आहे:

१. लो रेंज आणि निदान मागचा डिफरन्शियल लॉक हवाच. एखादा सेन्सर गेला म्हणून तो नाकारला जाऊ नये. गाडी कमी वेगात ठेवा, दहा धोक्याचे दिवे लावा, पण चिखलातून बाहेर पडू द्या.

२. एवढी मोठी टचस्क्रीन दिलीच आहे, तर नक्की काय बिघडलंय ते तिच्यावर साध्या भाषेत लिहा. मराठीत लिहिलंत तर दंडवत!

३. तपासणीचं साधन आणि दुरुस्तीचं मॅन्युअल पैसे मोजणाऱ्या कुठल्याही मेकॅनिकला विकत मिळू द्या. फुकट नको.

आता आपल्या मंडळींना एक टोचून सांगतो, राग मानू नका. मारुतीने जून २०२३ मध्ये जिम्नी आणली. शिडी आहे, दोन्ही सलग अ‍ॅक्सल आहेत, लो रेंज आहे. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा आहे, तिला तर पुढे आणि मागे दोन्हीकडे लॉक आहेत. आम्ही जे जे मागतो ते ते या गाड्यांत आहे. पण देशातली त्यांची विक्री थारच्या पासंगालाही पुरत नाही. कंपन्यांना आमच्या भावना कळत नाहीत असं नाही. त्यांना आमचे चेकही दिसतात. गोल दिवे आणि शिडी यांवर आमची निष्ठा किती, हे त्यांनी केव्हाच मोजून ठेवलंय.

दुरुस्तीच्या हक्काचं तसं नाही. तो फक्त आमच्यासारख्या वीकेंडला चिखल खेळणाऱ्यांचा प्रश्न नाही. ट्रॅक्टरवाल्याचा आहे, दूध गोळा करणाऱ्या पिकअपवाल्याचा आहे, उद्या गावोगावी इलेक्ट्रिक रिक्षा चालवणाऱ्याचा आहे. आम्ही तो विचारला तर आमच्या मागे बरेच लोक उभे राहतील. दिव्यांच्या आकारासाठी कोण उभं राहणार?

तेव्हा पुढची थार दाखवतील तेव्हा जरूर जा, फोटो काढा, नाकं मुरडा. तो आपला जन्मसिद्ध हक्क आहे! फक्त शोरूममधल्या त्या हसऱ्या मुलाला एक प्रश्न विचारा: भोरच्या पुढे एखादी वायर तुटली, तर ही गाडी तिथले काका दुरुस्त करू शकतील का?

त्याला उत्तर येणार नाही. पण पाचशे लोकांनी विचारलं, तर ते त्याला शोधावं लागेल.