झाडाखालचा चोथा काय सांगतो

सकाळी पेरू किंवा चिकूच्या झाडाखाली अर्धवट खाल्लेली फळे दिसली की बागेत पहिला आळ वटवाघळांवर येतो. तो कधी खराही असतो. पण माकड, खार, पोपट, उंदीर यांनाही तीच फळे आवडतात. खात्री करायची असेल तर चोथा शोधावा. वटवाघूळ गर चावते, जिभेने टाळूवर दाबून रस गिळते आणि उरलेला तंतुमय भाग गोळी करून थुंकते. चरकातून निघालेल्या चिपाडासारखा कोरडा, चपटा चोथा बागेत सापडला, तर पाहुणा कोण ते कळले. आखूड नाकाचे लहान वटवाघूळ मात्र फळ तोडून दुसऱ्याच झाडावर नेऊन खाते, त्यामुळे आसपासच्या अशोकाखाली, माडाखालीही नजर टाकायला हवी.

उडणाऱ्या प्राण्याला पोटात ओझे परवडत नाही, म्हणून हा रसाचा आहार. खाल्लेले बहुधा तासाभरात बाहेरही पडते. उंबर, वड, पिंपळ यांचे बारीक बी असे दूरदूर पेरले जाते.

बागायती फळे हा या आहाराचा एक भाग झाला. उंबर-वडाची फळे, जांभूळ, देशी बदाम, मोहाची फुले, सावरीचा मध यांवर वटवाघळांचे बरेचसे वर्ष निघते. काजूचे बोंड ती चोखतात आणि बी टाकून देतात. केरळमध्ये गावकरी वटवाघळांनी टाकलेल्या काजूबिया आणि सुपाऱ्या वेचून घेतात, हे कादंबरी देशपांडे आणि नचिकेत केळकर यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नोंदवले आहे. नुकसानीचा हिशेब मांडताना ही जमेची बाजू आपल्याकडे कोणी धरत नाही, आणि ते चूक आहे.

बागायतदाराच्या दृष्टीने कळीची गोष्ट म्हणजे पिकलेपणा. मोठे वटवाघूळ वासाने आणि डोळ्यांनी अन्न शोधते, आणि त्याला हवे असते ते पिकलेले, मऊ फळ. हापूस तयार होताच झेल्याने उतरवला जातो, तो पिकतो अढीत. ज्या बागेत तोडणी वेळेवर होते, तिथे वटवाघळांच्या वाट्याला उरलेसुरलेच येते. खरा फटका बसतो तो झाडावरच पिकू दिलेल्या फळांना आणि लांबलेल्या तोडणीला.

मारून काय साधते, हे मॉरिशसने पाहिले आहे. तिथल्या मूळ जंगलाचा पाच टक्क्यांहूनही कमी भाग उरलेला. साहजिकच वटवाघळे लिची-आंब्याकडे वळली. २०१५ आणि २०१६ मध्ये सरकारने हजारोंच्या संख्येने ती मारली. मादी वर्षाला एकच पिल्लू देते, त्यामुळे ही घट लवकर भरून निघत नाही. २०१८ मध्ये ही प्रजाती जागतिक लाल यादीत ‘संकटग्रस्त’ ठरली. फळउत्पादकांचा नफा मात्र वाढला नाही, असे २०१९ च्या अभ्यासात दिसले.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यात वटवाघळे पूर्वी कावळे-उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली आणि मारण्याची जुनी मोकळीकही. वसतीच्या वडाखाली फटाके लावणे हा तर निव्वळ क्रूरपणा आहे. त्याने पिल्ले पडतात, फळे वाचत नाहीत.

उपाय हाताशी आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आंब्याला कागदी पिशव्यांची शिफारस केलेली आहेच; झाकलेले फळ वटवाघळांपासूनही बरेच सुरक्षित राहते. जाळी लावायची तर ताणून लावावी आणि बोट आत जाणार नाही इतकी बारीक घ्यावी. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात २०२१ पासून घरगुती फळझाडांसाठी पाच मिलिमीटरहून मोठ्या भोकांची जाळी चालत नाही, कारण सैल, मोठ्या जाळीत वटवाघळे अडकून मरतात.

एका बाबतीत तडजोड नको. महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला आढळल्या, हे २०२१ मध्ये जाहीर झाले. घाबरून जाण्याचे कारण नाही, पण उष्टावलेले फळ चांगला भाग कापून खाऊ नये, विकू नये, गुरांनाही घालू नये. मजुरांनी ते हातमोजे घालून उचलावे आणि खोल पुरावे. या हंगामाच्या पहिल्या तोडणीपासूनच प्रत्येक बागेत हा नियम लागू करावा.