शून्यापासून पाठवा

गेल्या महिन्यात आमचे एक रेकॉर्डिस्ट मित्र एका संस्थेचं पत्र घेऊन आले. आठ अभंग, प्रत्येकी सहा मिनिटांचे, बत्तीस ट्रॅकांवर मुद्रित केलेले. बिल मंजूर व्हायचं तर सर्व ट्रॅक ‘९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, एमपीथ्री स्वरूपात, सीडीवर, तीन प्रतींत’ जमा करायचे. एमपीथ्री ४८च्या वर जात नाही आणि बिट डेप्थ ही भानगड त्या फाइलला नसतेच, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. बरं, वेव्ह द्याव्यात म्हटलं तर मोनो ट्रॅकला मिनिटाला सतरा एमबीच्या वर जागा लागते. बत्तीस ट्रॅक, अठ्ठेचाळीस मिनिटं, म्हणजे साडेसव्वीस जीबी. सातशे एमबीच्या ३८ सीड्या. तीन प्रतींच्या ११४. मित्राने फोन करून हा हिशेब ऐकवला. साहेब म्हणाले, “चालेल. फक्त प्रत्येक सीडीवर सही-शिक्का हवा.” त्या कचेरीत सीडी लावायला यंत्र आहे का, हे विचारायचा धीर मित्राला झाला नाही.

या साहेबांवर अख्खं संपादकीय खर्ची घालायचं ठरवलं होतं. पण त्याच आठवड्यात आलेली वाचकांची पत्रं उघडली आणि हात आखडला. कोल्हापूरचा मिक्सिंगवाला पुण्याच्या अरेंजरवर चिडलेला, पुण्याचा अरेंजर मुंबईच्या स्टुडिओवर, मुंबईचा स्टुडिओ घरी माईक लावून बसलेल्या गायकांवर. तक्रार एकच: ट्रॅक आले, पण लागत नाहीत. गणपतीची गाणी तोंडावर असताना लोक दोन-दोन रात्री मिक्स न करता नुसते ट्रॅक जुळवत बसले आहेत.

पेटी दुसऱ्या अंतऱ्यात येते. एक्स्पोर्ट करणाऱ्याने ट्रॅक सुरुवातीपासून न काढता नुसती क्लिप काढली. फाइल पेटीच्या पहिल्या सुरापासून सुरू, आणि समोरच्याच्या सेशनमध्ये पेटी थेट पहिल्या मात्रेवर येऊन बसते. क्लिकवर वाजलेलं गाणं असेल तर बार मोजून ती सरकवता तरी येते. भजनी ठेका क्लिकशिवाय वाजलेला असेल, पखवाजवाला रंगात येऊन लय चढवत गेला असेल, तर बसा कानाने जागा शोधत. ब्रॉडकास्ट वेव्हमध्ये टाइमस्टॅम्प असतो, असं कुणी तरी लगेच सांगेल. असतो. पण तो लिहिला गेला पाहिजे, आणि समोरच्या सॉफ्टवेअरने वाचला पाहिजे. त्याच्या भरवशावर पेटी सोडू नका. प्रत्येक फाइल शून्यापासून सुरू करा, मग तिच्यात पहिली दोन मिनिटं शांतता का असेना.

दुसरा छळ नॉर्मलाइझचा. एक्स्पोर्टच्या खिडकीत ती खूण कधी तरी लागलेली असते आणि कुणी काढत नाही. प्रत्येक ट्रॅक शिखराला नेऊन ठेवला जातो. टाळ आणि पखवाज एका उंचीचे, मागे हलकेच धरलेला तंबोरा गायकाच्या छातीवर. मास्टरवर लिमिटर ठेवून एकेक ट्रॅक बाउन्स करणाऱ्यांचं त्याहून वाईट. लिमिटर प्रत्येक ट्रॅकवर एकट्याने चालला. ते सगळे एकत्र लावले की तुम्ही ऐकवलेलं रफ मिक्स त्यातून परत उभं राहत नाही. मग अरेंजर फोन करतो, “आम्ही पाठवलं तेव्हा बरं वाजत होतं.”

परदेशातल्या आपल्या गायिकांचंही ऐकून घ्या. ट्रॅक ४८चा गेला, तिने घरच्या सेटअपवर ४४.१ला गाऊन पाठवलं, इथे फाइल कन्व्हर्ट न करता सेशनमध्ये ओढली. काळी पाचमधलं गाणं पांढरी सात आणि वरच्या पांढरी एकच्या मधे कुठेतरी लटकतं, आणि चार मिनिटांचं गाणं वीस सेकंद आधी संपतं. सॉफ्टवेअरने बहुधा विचारलेलं असतं. घाईत आपणच ‘नाही’ दाबलेलं असतं. आणि गायिकेनेच मधे एमपीथ्री करून पाठवलं असेल, तर एन्कोड-डीकोडमध्ये फाइलच्या तोंडाशी पंचवीस मिलिसेकंदांच्या आसपास रिकामी जागा चिकटून येऊ शकते. गाण्याला ती कळणार नाही. तेच तबल्याच्या ट्रॅकचं झालं आणि डग्गा वेव्हमध्ये आला, तर धा फाटतो.

प्रोजेक्ट फाइल पाठवणाऱ्यांबद्दल काय बोलावं? प्रो टूल्सची पीटीएक्स आली, ऑडिओ फाइल्सचा फोल्डर त्यांच्याच डिस्कवर. ऑडॅसिटीवाल्यांची जुनी रड हीच होती: एयूपी आली, डेटा फोल्डर घरी. २०२१मध्ये तिसऱ्या आवृत्तीने सगळं एका फाइलमध्ये आणलं, तेव्हा कुठे ही रड थांबली. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना आपली कीव आली, आपल्याला एकमेकांची येत नाही.

दोन इंची टेपवर चोवीस ट्रॅक असायचे, तेव्हा हे प्रश्न नव्हते. डब्यात ट्रॅकशीट असायची, रिळाच्या तोंडाशी टोन असायचे. जुने लोक ‘आमची शिस्त’ म्हणून ते मिरवतात. खरं तर टेपवर ट्रॅक एकमेकांपासून सुटूच शकत नव्हते. शिस्त रिळाची होती. रीळ गेलं आणि आपलं उघडं पडलं.

तेव्हा, मंडळी, आता ऐका. अमेरिकेत रेकॉर्डिंग अकादमीच्या प्रोड्यूसर्स अँड इंजिनियर्स विंगने ट्रॅक कसे सोपवावेत याच्या शिफारशी कधीच काढून ठेवल्या आहेत. आपल्याकडे संघटना आहेत, बैठका होतात, चहा होतो, आणि दराच्या पत्रकापलीकडे कागद निघत नाही. संघटनेची वाट पाहू नका. कॉम्प केलेले तुकडे जोडून, क्रॉसफेड तपासून, एकेक ट्रॅकची सलग फाइल करा. गाण्याचा मूळ सॅम्पल रेट बदलू नका. २४ बिट ठेवा. कुठे शून्याच्या वर जात असेल तर ३२ फ्लोट. रिव्हर्ब स्वतंत्र ट्रॅकवर द्या. सोबत रफ मिक्स आणि एक साधी टेक्स्ट फाइल: टेम्पो, पट्टी, सॅम्पल रेट, कोणत्या ट्रॅकवर काय. पाठवण्याआधी रिकामं सेशन उघडा, सगळ्या फाइल शून्यावर टाका आणि गाणं एकदा शेवटपर्यंत ऐका. ज्यांच्याकडे तरीही न लागणारे ट्रॅक येतील त्यांनी जुळवणीचे तास मोजावेत आणि बिलात वेगळे लावावेत. भिडेखातर फुकट करू नका. फुकट होतं तोवर कुणी सुधारणार नाही.

ट्रॅकशीटचा नमुना पुढच्या अंकात मधल्या पानावर छापतो आहोत. फाडून घ्या, झेरॉक्स काढा.

आणि मंगळवारी रात्री ज्यांनी ‘ऑडिओ ०७’पासून ‘ऑडिओ ३१ नवीन फायनल’पर्यंतच्या फाइल नाव-गाव न लिहिता आमच्या कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवल्या, त्यांनी कृपया फोन करावा. ‘ऑडिओ १९’ बासरी आहे की कुणी खोलीत शीळ घालत होतं, यावर इथे दोन दिवस वाद चालू आहे.