सात ते अकराच्या गर्दीचे गणित

एप्रिल २०२१ मध्ये तापाच्या ओपीडीत आलेल्या प्रत्येकाला मी एक प्रश्न विचारत असे, ‘गेल्या दहा-बारा दिवसांत कुठं गेला होता?’ बहुतेकांचे उत्तर ठरलेले असे. ‘कुठंच नाही डॉक्टरसाहेब, घरीच होतो. फक्त किराणा आणायला गेलो होतो.’ या ‘फक्त’पाशी जरा थांबायला हवे. एवढ्यावरून संसर्ग दुकानातच झाला, असे म्हणता येणार नाही. पण बाकी सारे बंद असताना अनोळखी माणसे एकमेकांच्या अगदी जवळ येत, अशा ज्या थोड्या जागा उरल्या होत्या, त्यातली एक किराणा दुकानाची पायरी होती.

२० एप्रिल २०२१ पासून राज्यात किराणा, भाजी, फळे आणि दुधाची दुकाने सकाळी ७ ते ११ एवढीच उघडी असत. लोकांनी कमी फिरावे, हा हेतू योग्यच. त्यातच निर्बंध १ मेनंतरही वाढणार, अशा बातम्या आल्या आणि ‘भरून ठेवा’ची धावपळ सुरू झाली. यवतमाळच्या दत्त चौकापासून तालुक्याच्या गावांपर्यंत साडेदहा वाजता जी घाई दिसत होती, ती पाहून डॉक्टर म्हणून काळजी वाटत होती.

एक साधे गणित मांडू. समजा, एका दुकानात दिवसाला २४० गिऱ्हाइके येतात आणि एकाला माल द्यायला ३ मिनिटे लागतात. दुकान १२ तास उघडे असेल तर तासाला २० जण येतील. एक जाईल तेव्हा दुसरा येईल. तेच २४० जण ४ तासांत आले तर तासाला ६० होतात. दुकानदाराचे हात मात्र तेवढेच. म्हणजे पहिल्याच तासाच्या शेवटी ४० जण काउंटरपुढे ताटकळत असतात. त्यातल्या प्रत्येकाने दुप्पट यादी आणली, तर पुढचे सांगायलाच नको.

टंचाईचे गणितही असेच आहे. दुकानदाराने आठवड्यासाठी २०० किलो साखर भरली, म्हणजे १०० घरांना प्रत्येकी २ किलो. पहिल्या ४० घरांनी घाबरून ५-५ किलो नेली की पोती रिकामी. उरलेली ६० घरे हात हलवत परत जातात आणि गल्लीत सांगतात, ‘साखर संपली!’ साखर कुठेही कमी झालेली नसते. ती ४० घरांच्या डब्यांत जाऊन बसलेली असते. पण आता अफवेला पुरावा मिळालेला असतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये मिठाची अफवा उठली, तेव्हा उत्तरेत काही ठिकाणी मीठ शेकडो रुपये किलोने विकले गेले. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या या देशात!

तेव्हा धान्याची स्थिती काय होती? केंद्राच्या साठ्यात गहू आणि तांदूळ ठरवून दिलेल्या किमान पातळीच्या दुपटीहून अधिक होते, आणि रब्बीच्या गव्हाची खरेदी चालू होती. रेशनकार्डावर राज्याने एक महिन्यासाठी माणशी ३ किलो गहू व २ किलो तांदूळ, तर केंद्राने मे आणि जून २०२१ साठी माणशी ५ किलो धान्य मोफत जाहीर केले होते. खाद्यतेल महागले होते, हे खरे. पण आपण निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणतो आणि तेव्हा जगातच भाव चढले होते. घरात चार डबे भरून तो भाव उतरणार नव्हता.

आता हवेचा मुद्दा. हा विषाणू मुख्यतः श्वासातून, बोलण्यातून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म थेंबांवाटे पसरतो. ते बंदिस्त जागेत बराच वेळ तरंगत राहतात, हे मांडणारा लेख ‘लॅन्सेट’ने एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. वस्तूला हात लागून संसर्ग होण्याची शक्यता मात्र फारच कमी असल्याचे अमेरिकेच्या सीडीसीने त्याच महिन्यात सांगितले. आपले वागणे नेमके उलटे होते. घरी येऊन आपण बिस्किटाचा पुडा सॅनिटायझरने पुसायचो, पण दुकानात मास्क हनुवटीवर ओढून ‘दोन किलो तूरडाळ!’ म्हणून ओरडायचो. ओरडताना साध्या बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त थेंब बाहेर पडतात. भाजी स्वच्छ पाण्याने धुतली तरी पुरे. तिला साबण किंवा ब्लिचिंग लावू नका.

या घाईत सर्वांत मागे राहायचा तो रोज कमावून रोज खाणारा. दहा रुपयांचे तेल आणि पाव किलो डाळ नेणाऱ्याला महिन्याचा किराणा भरता येत नाही. मजुरी आटोपून तो येईपर्यंत दुकान बंद झालेले असायचे. आणखी एक गोष्ट मला रुग्णांकडून ऐकू यायची, ‘तपासणी केली अन् पॉझिटिव्ह निघालो, तर घरात किराणा कोण आणून देईल?’ या भीतीने माणूस तपासणी टाळायचा, अंगात ताप असताना रांगेत उभा राहायचा आणि ऑक्सिजन खाली गेल्यावर आमच्याकडे यायचा. तेव्हा हातात फार वेळ उरलेला नसायचा. म्हणून पिशवीभर किराणा हाही तेव्हा उपचाराचाच भाग होता.

मीही यातून सुटलो नाही. २४ मार्च २०२० च्या रात्री आठची घोषणा ऐकून मीसुद्धा गर्दीत जाऊन चार महिन्यांची डाळ आणली होती. पावसाळ्यात तिला कीड लागली. दुकान मात्र एक दिवसही उपाशी ठेवणारे निघाले नाही.

तर करायचे काय? पंधरा दिवसांपुरतीच यादी करा. ती फोनवर दुकानदाराला सांगा. राज्याच्या एप्रिल २०२१ च्या आदेशात घरपोच मालाला रात्री ८ पर्यंत मुभा होती. जावेच लागले तर घरातला एकच, ताप-खोकला नसलेला माणूस जावा आणि मास्क नाकावर असावा. दुकानदारांनी टेबल दाराबाहेर लावावे, याद्या घेऊन चिठ्ठीवर वेळ लिहून द्यावी आणि एका गिऱ्हाइकाला किती द्यायचे याची मर्यादा ठरवावी. प्रशासनानेही वेळ थोडी वाढवून गर्दी पांगते का, हे पाहायला हरकत नव्हती. आणि शेजारी कोणी पॉझिटिव्ह असेल, तर त्याची यादी फोनवर घ्या, पिशवी फाटकाला अडकवा आणि लांबूनच हाक मारा. त्याला किराण्याची काळजी उरली नाही, तर तो वेळेत तपासणी करून घेईल. ते त्याच्याइतकेच तुमच्याही हिताचे आहे.