‘नाविक’ म्हातारे झाले, राखीव कुठे आहेत?

जुलै 2025 मध्ये संसदेत एका प्रश्नाला उत्तर देताना केंद्र सरकारने ‘नाविक’चा हिशेब मांडला. तोपर्यंत सोडलेले उपग्रह 11. त्यातले ठिकाण दाखवण्याचे मूळ काम करणारे फक्त चार. आणखी चार एकतर्फी संदेश पाठवण्यापुरते उरलेले, एक सेवेतून काढलेला, दोन ठरलेल्या कक्षेत पोचलेच नाहीत. आता मेख अशी, की जमिनीवरचे अचूक ठिकाण काढायला एका वेळी किमान चार उपग्रहांचे संकेत मिळावे लागतात. म्हणजे उत्तर दिले त्या दिवशी व्यवस्था चालू होती खरी, पण जादाचा एकही नव्हता.

ही साधी मोबाइलच्या नकाशाची गोष्ट नाही. कारगिलच्या लढाईत अमेरिकेने जीपीएसची माहिती हवी तेव्हा दिली नाही, असे तेव्हापासून सांगितले जाते. त्याचे तपशील बाजूला ठेवले तरी धडा खरा होता. दुसऱ्याच्या उपग्रहावर भरवसा ठेवून लढाई करता येत नाही. त्यातून 2006 मध्ये सात उपग्रहांच्या योजनेला मंजुरी मिळाली, खर्च 1,420 कोटी रुपये. सर्वांसाठी एक खुला संकेत आणि सैन्यासाठी वेगळा, सांकेतिक. हे उपग्रह सांभाळणारे केंद्र आपल्याच कर्नाटकात, हासनला आहे.

या सगळ्याचा जीव असतो घड्याळात. उपग्रहातले अणुघड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले, तर जमिनीवरचा हिशेब 300 मीटरने चुकू शकतो. एवढ्यात तोफगोळा या गल्लीतून त्या गल्लीत जातो. पहिल्या पिढीची घड्याळे परदेशातून आणलेली होती. 2013 मध्ये सोडलेल्या पहिल्याच उपग्रहातली तिन्ही घड्याळे चार वर्षांच्या आत बंद पडली. त्याच घराण्यातली घड्याळे युरोपच्या ‘गॅलिलिओ’तही बिघडली, त्यामुळे सगळा दोष इस्रोच्या माथी मारता येत नाही.

खरी अडचण त्यानंतरची. मूळ योजनेत दोन उपग्रह जमिनीवर राखीव होते. ऑगस्ट 2017 मध्ये त्यातला एक उडाला, पण त्याच्यावरचे उष्णतारोधक कवच सुटलेच नाही आणि तो आतच अडकून वाया गेला. दुसरा एप्रिल 2018 मध्ये नीट पोचला. तिथे कोठार रिकामे झाले. पुढचा उपग्रह उडायला मे 2023 उजाडला. तब्बल पाच वर्षे!

त्या उपग्रहात देशी घड्याळ होते आणि मोबाइलला सोयीचा नवा संकेतही होता. पण जानेवारी 2025 मध्ये पाठवलेल्या त्याच्या जोडीदाराचे इंजिन कक्षा वाढवायच्या वेळी चाललेच नाही, कारण एक झडप उघडली नाही. श्रीहरिकोट्याहून झालेले ते शंभरावे उड्डाण. रॉकेटने काम चोख केले, उपग्रह मात्र मधेच लटकला.

अपघात होणारच, अंतराळात तर जास्तच. अमेरिकेचेही काही वेगळे झाले नाही. क्षेपणास्त्र सुटल्याची सूचना देणारी तिची जुनी उपग्रहमालिका 1970 ची. तिच्या जागी यायच्या नव्या मालिकेतला पहिला भूस्थिर उपग्रह 2002 च्या सुमारास जायचा होता, तो 2011 मध्ये गेला. सुरुवातीला चार-पाच अब्ज डॉलरचा असलेला अंदाज 19 अब्जांच्या पुढे पोचला. तरी अमेरिका आंधळी झाली नाही. जुन्याच धर्तीचे उपग्रह 2007 पर्यंत उडत राहिले, एकूण 23. जानेवारी 2020 मध्ये इराणने इराकमधल्या अल असद तळावर क्षेपणास्त्रे सोडली, तेव्हा सैनिक आधीच आडोशाला गेलेले होते. मेंदूला इजा शंभराहून अधिक जणांना झाली, पण जीव कुणाचा गेला नाही. त्यात या आकाशातल्या डोळ्यांचा वाटा मोठा होता.

आपल्याकडे पैसाच नाही, असे म्हणायला जागा नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये टेहळणीच्या 52 उपग्रहांना मंजुरी मिळाली, खर्च सुमारे 27 हजार कोटी. अंतराळ विभागाची 2025-26 ची तरतूद होती 13,416 कोटी, म्हणजे ही एकच योजना दोन वर्षांच्या पैशाएवढी. योजना गरजेची आहे, वाद नाही. पण नव्या योजनेला बातमी मिळते, फीत कापायला मंत्री मिळतात. जुन्या उपग्रहाच्या जागी तसाच दुसरा तयार ठेवण्याच्या खर्चाला कोण विचारतो? तो टाळणे सगळ्यात सोपे. आणि या 52 मधले खालच्या कक्षेतले उपग्रह तर ‘नाविक’पेक्षा लवकर म्हातारे होतील. त्यांच्या बदलीचा पैसा आजच वेगळा काढला नाही, तर हेच संसदेतले उत्तर पुन्हा वाचायला मिळेल, आकडे तेवढे मोठे असतील.

बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रातून बाहेर पडणारा जवान कुठल्या सीमेवर जाईल, हे आधी कळत नाही. त्याच्या तुकडीमागचा तोफखाना, आकाशातली विमाने, समुद्रातल्या युद्धनौका या सगळ्यांना भारताची स्वतःची दिशा मिळावी म्हणून तर हा खटाटोप झाला. संसदेत सांगितलेल्या त्या चार उपग्रहांपैकी एक एप्रिल 2014 मध्ये उडालेला आहे. त्याचे ठरलेले आयुष्य होते दहा वर्षांचे.