तोलेदोची भिंत आणि 'समन्वय' हा शब्द

स्पेनमधील तोलेदो येथे एक जुने सिनेगॉग आहे. कास्तिलचा राजा पेद्रो याचा यहुदी खजिनदार शमुएल हालेवी याने ते १३५७ च्या सुमारास उभारले. आज ते 'एल त्रान्सितो' या ख्रिस्ती नावानेच परिचित आहे. आत उंच दालन, वर लाकडी छत आणि भिंतींवर गिलाव्यात कोरलेली दाट नक्षी. त्या नक्षीतून हिब्रू स्तोत्रे धावतात, वेलबुट्टीत अरबी अक्षरे गुंफलेली दिसतात आणि कास्तिलचा किल्ला व लेओनचा सिंह ही राजचिन्हेही डोकावतात.

अशा वास्तूविषयी लिहिताना 'तीन धर्मांचा समन्वय' हे शब्द आपसूक लेखणीतून उतरतात. मला ते घाईचे वाटतात. तोलेदो १०८५ मध्येच ख्रिस्ती सत्तेखाली आले होते. म्हणजे ही अरबी वळणाची कारागिरी झाली, तेव्हा तेथील मुस्लिम राजवट संपून पावणेतीनशे वर्षे लोटली होती. तरीही यहुदी धनिकाने हीच शैली निवडली. पेद्रोनेही सेव्हियातील आपला राजवाडा याच वळणाने बांधवून घेतला. ती तोवर वैभवाची सर्वमान्य भाषा झाली होती. आणि भाषा सामायिक असणे म्हणजे मने जुळलेली असणे नव्हे. आपल्या बखरींचे गद्य फारसी शब्दांनी गजबजलेले आहे. तेवढ्यावरून कोणी त्यातील लढायांना सलोखा म्हणत नाही!

साहित्याच्या अभ्यासकाला याचे आश्चर्य वाटू नये. दहाव्या शतकात दुनाश बेन लाब्राट याने हिब्रू कवितेत अरबी वृत्तपद्धती आणली, तेव्हा हिब्रू पंडितांतच कडाक्याचा वाद पेटला. पुढे त्याच पद्धतीने हिब्रू काव्याचे वैभवयुग घडवले. स्वीकार आणि संशय तेथे हातात हात घालूनच चालत होते.

सिनेगॉगच्या स्थापनालेखात शमुएलबरोबर राजा पेद्रोचीही स्तुती कोरलेली आहे. अवघ्या काही वर्षांत त्याच राजाने शमुएलला कैद केले. छळात त्याचा अंत झाला. १३९१ मध्ये कास्तिलभर यहुदी वस्त्यांवर हल्ले झाले, त्यातून तोलेदोही सुटले नाही. १४९२ मध्ये यहुद्यांना स्पेनमधूनच हद्दपार करण्यात आले आणि ही वास्तू कालात्रावा या लढवय्या ख्रिस्ती संघाकडे जाऊन तिचे चर्च झाले. भिंतीवरच्या हिब्रू ओळी मात्र कोणी खरवडल्या नाहीत. ज्यांना त्या वाचता येत होत्या, ते गाव सोडून गेले होते.